पाचूबंदरचा सिग्नल कुणी चोरला?

माझा कुणावरच चटकन विश्वास बसत नाही, स्वतःच्या गणितावर तर मुळीच नाही. टॉवरचा सिग्नल घरांच्या आडोशाला वळवून देणारा एक स्मार्ट फळा वसईच्या पाचूबंदरला चाचणीसाठी बसवलाय. त्याचं मॉडेल मी पुण्यात बसून संगणकावर केलं होतं. प्रत्यक्ष मोजमापं जुळेनात, म्हणून नोव्हेंबरात सरळ वसई गाठली.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा करा, पण भाडं आधीच ठरवा. माझा रिक्षावाला इतका गोड बोलत होता की मी पूर्ण रस्ता नकाशा उघडून बसले. सकाळी लवकर पोचलात तर बंदरावर मासळीचा लिलाव बघायला मिळतो.

पहिल्या दिवशी वस्तीमागच्या मैदानात सिग्नल जवळजवळ नाहीच. फळा कुणीतरी हलवला असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. समोर तिथल्या फिलोमिना मावशी बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे उंच आडव्या दांड्यांवर, बोंबील वाळत घालत होत्या, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. माझी नजर त्यांच्यावर, त्यांची माझ्या सिग्नल मोजायच्या यंत्रावर.

"कोनी पाठवली तुला? आमच्या वलांड्या काढायला मोजतेस ना?"

"नाही हो मावशी, शपथ."

"शपथ मागच्या सायबानं पन घेतली होती. जेटीकडची जागा गेली. आता एवढीच राहिली."

दुसऱ्या दिवशी फळा तपासला. त्याला कुणी हातही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र मैदानात कडक सिग्नल! बदललं होतं एकच: बोंबील वाळले होते. ओल्या मासळीतलं पाणी सिग्नल गिळत होतं. माझ्या मॉडेलमध्ये भिंती होत्या, झाडं होती, बोंबील नव्हते. ज्या बाईला मी मनातल्या मनात चोर ठरवलं, तिनेच मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. फार लाज वाटली. (चटणी जहाल असते, पाणी जवळ ठेवा.)

जेवतानाच पुण्याला, आमच्या प्रकल्पाच्या सरांना फोन केला.

"मस्त! मग त्या वलांड्या हटवायला सांगू," ते म्हणाले.

मी फोन ठेवला.

"काय बोलला तुझा सायब?" मावशींनी विचारलं.

"अजून काही ठरलं नाही."

"तो मागचा सायब पन असाच बोलला होता," म्हणत त्यांनी माझं ताट उचललं.

पुण्याला परतल्यावर मी मॉडेलमध्ये वलांड्या घातल्या, ओल्या बोंबलांसकट. फळा शेजारच्या उंच गच्चीवर नेला की सिग्नल वलांड्यांच्या वरून जातो, गणित सुटतं. खर्च वाढतो, सर चिडतील. अहवालात 'काढून टाकायचे अडथळे' असा रकाना आहे. त्यात मी फळ्याची सध्याची जागा लिहिली आणि खाली सही केली.