काचेपलीकडचा डावा हात

आमच्या खानदानात पदवी घेणारा मी पहिला. बीएस्सी, तेही फिजिक्स. भूतबाधा, अंगात येणं, उतारे... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जातो. आजही जातो. तरी हे लिहितोय, कारण इथं माझं फिजिक्स संपलं.

भिवंडीत चाळीत आमच्या दोन खोल्या. बाबा पॉवरलूमवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी मानकोलीला एका गोडाउनच्या ऑफिसात आहे. रविवारची दुपार होती. कॉम्प्युटरवर एक थ्रिलर गेम लावला होता — धुक्यातलं ओसाड गाव, एक बाप हरवलेल्या मुलीला शोधतोय. स्टोरी एक नंबर! मारामारी मात्र भिकार. बटण दाबल्यावर हिरो सावकाश पाइप उचलतो, तोवर समोरचा दोनदा हाणून मोकळा. शेजारी लसूण सोलत बसलेली आई हसायची, "तुझ्या हिरोला जेवाय घाल रं जरा."

बंद कारखान्यात काचेच्या दारापलीकडं एक माणूस उभा. चेहरा धुक्यात. त्याला मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी पाइप उगारला... आणि त्यानं डावा हात वर नेला, मूठ वळली, झटक्यात खाली ओढली. दोनदा.

आईच्या हातातला लसूण सांडला. "आरं, मेन बंद कर सांगतोय त्यो!" आई ओरडली.

लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, तिथं सगळे हातानंच बोलतात. मेन स्विच पाडायची ही खूण. बाबा डावखुरे होते. घरातही टीव्ही बंद करायला हीच खूण करायचे.

"गेम हाय तो, आई. बस ना गप."

"गेम न्हाय बिम न्हाय!" ती उठली आणि तिनंच मेन पाडला. स्क्रीन काळी.

"सेव्ह पण नव्हतं केलं!" मी ओरडलो.

तेवढ्यात मोरीच्या दारातून धाकटी बहीण, पूजा — "दादा, लाइट गेली का रे? मशीन थांबली."

जाऊन बघतो तर वॉशिंग मशीनची वायर उंदरानं कुरतडलेली. तांबं उघडं. मोरी तुंबलेली आणि वायर त्या पाण्यात. पूजा अनवाणी, बादली घेऊन, आत पाय टाकायच्या बेतात. आईनं तिचा दंड धरला तो कितीतरी वेळ सोडलाच नाही.

वायर बदलल्यावर मी गेम पुन्हा लावला. तोच माणूस, तीच काच. दोन्ही हात खाली, हलत नाहीत. लोकांनी नेटवर टाकलेले व्हिडिओ बघितले — सगळीकडं तसाच. लोक त्याला मारतात अन् पुढं जातात.

मी नाही मारला. एवढी भारी स्टोरी, मुलगी सापडते की नाही मला माहीत नाही. योगायोग म्हणा... मीही स्वतःला तेच सांगतो.

आता रविवारी आईच म्हणते, "लाव ना रं तो." मी लावतो. तो काचेपलीकडं उभा असतो, हात खाली सोडून. आई जरा वेळ निरखून बघते. मग लसणाची परडी उचलते —

"चला... घरात समदं ठीक हाय."