अप्पांच्या घागरी आणि चार कोपऱ्यांचा आवाज

तुम्ही सगळे येता आणि एकच विचारता, "घरी रंगीत टीव्ही आहे, मग आवाजाचं काही करत का नाही? चांगले मोठे स्पीकर लावा की!" बसा. चहा घ्या. आज एकदाचं सांगूनच टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही. फजिती अशी आहे की तुम्ही हसाल. हसा बापडे. मला आता चिडायचासुद्धा कंटाळा आला आहे.

सुरुवात झाली आमच्या जावयांपासून. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला. माणूस चांगला, पण घरात पाऊल टाकलं की पंख्याकडे बघून "बेअरिंग गेलं" म्हणणार, कूलरकडे बघून "पंप उलटा बसवला" म्हणणार. आमचा टीव्ही आला तेव्हा अख्ख्या गल्लीनं कौतुक केलं. जावई पाच मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "चित्र झकास आहे दादा. पण आवाज डब्यातून येऊन राहिला."

झालं! तो डबा माझ्या डोक्यात जाऊन बसला.

"अक्षय तृतीयेला या तुम्ही," मी बोलून गेलो. "येताना तुमचा व्हीसीआर घेऊन या. चारी कोपऱ्यांतून आवाज ऐकवतो! बंदूक पाठीमागे सुटेल आणि गोळी समोर लागेल!"

का बोललो असं? देव जाणे. उन्हाळ्यात नागपूरच्या माणसाच्या तोंडून जे निघतं त्याला तो जबाबदार नाही, असा एखादा कायदा करायला हवा.

बोललो तर खरा, पण आता चार कोपऱ्यांतून आवाज आणायचा कसा? मी पुंडलिककडे गेलो. पुंडलिक माझा शाळेपासूनचा दोस्त, धरमपेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. म्हटलं, चार स्पीकर दे आणि त्यांना लाकडी खोकी करून दे.

"खोके काहून पाहिजे बे तुले?" तो म्हणाला. "माठ आण. मातीचे. माठाच्या तोंडावर स्पीकर बसवू. माठात तोंड घालून कधी बोलला का गा? कसा घुमते आवाज! दोन माठ समोर, दोन मागे. मधात बसलेला माणूस सरळ पिक्चरमधातच जाते."

मला पटलं. त्या उन्हात कोणी काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. कुंभाराकडून चार गोल गरगरीत माठ घेतले आणि पुंडलिकच्या दुकानात नेले. त्यानं प्रत्येकाच्या बुडाला वायर जाईल एवढं भोक पाडलं. "माठ घरी नेऊन ठेव," तो म्हणाला, "स्पीकर मी त्याच दिवशी दुपारी घेऊन येतो." दोन माठ मांडीवर, दोन पायाशी, असा मी सायकलरिक्षात बसून घरी निघालो. रस्त्यानं लोक बघत होते. बघू दे, म्हटलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरची ती पहिलीच अक्षय तृतीया होती. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावानं नव्या घागरी भरतात. घागर भरल्याशिवाय घरात आंबा कापत नाहीत. हे सगळं अप्पा करायचे आणि मी काहीतरी निमित्त काढून पळायचो. अप्पा गेले आणि आई गप्प झाली. कामापुरतं बोलायची, बाकी वेळ मागच्या व्हरांड्यात एकटी बसून राहायची. घरात तिचा आवाजच नव्हता. मला ते फार लागायचं, पण करायचं काय, हे कळत नव्हतं.

रिक्षा थांबली तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं माठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"घागरी आणल्या तू?"

मी घामानं निथळत होतो. "माठ आहेत आई," एवढंच म्हणालो.

"मले वाटलं, मलेच आठवण द्या लागन. तू सोताहून गेला! तुह्या अप्पानं पाह्यलं असतं तर किती बरं वाटलं असतं रे त्याइले!" आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. किती महिन्यांनी ती एवढं एका दमात बोलली होती.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणता मुलगा म्हणेल, "नाही आई, हे बंदुकीच्या आवाजासाठी आहेत"? मी म्हटलं, आधी पंख्याखाली बसू, जरा घाम जिरू दे, मग सांगू.

तेवढ्यात तिनं शेजारच्या कुसुमकाकूंना हाक मारली सुद्धा. दोघी माठांभोवती बसल्या. आईनं एकेक माठ बोटानं वाजवून पाहिला. "कसा खणखणीत आहे! निवडून आणले पोरानं."

"पण चार काहून वं?" काकूंनी विचारलं.

आई बोटावर मोजायला लागली. "एक ह्यांची. एक सासऱ्यांची. एक आजेसासऱ्यांची..." मग थांबली आणि सावकाश माझ्याकडे वळली. "चवथी माही का गा? आताच आणून ठेवली?"

"आजीची! आजीची!" मी पंख्याखालून ओरडलो.

संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं नाव झालं. घराघरांतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सुनवायला लागल्या, "शिका जरा! न सांगता चार घागरी आणल्या त्यानं!" समोरचे जोशी तर मला बघून खिडकी लावून घ्यायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासाठी तरी आदर्श झालो होतो, आणि मला त्याचा घाम फुटत होता.

बायकोनं मात्र ओळखलं. सुनंदानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांगा, काहून आणले?"

सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून हसली. मग म्हणाली, "आता आईंना तुम्हीच सांगा. मी नाही सांगत बाप्पा."

"सांगत नाही. उद्या गुपचूप दुसऱ्या चार घागरी आणतो आणि ह्या..."

"पितरांसाठी आणलेल्या घागरी बदलत नसतात!" व्हरांड्यातून आईचा आवाज आला. ऐकू तिला अजून सगळं येतं.

राहता राहिली बुडाची भोकं. सुनंदा गळक्या बादलीला साबण लावते, हे मी पाहिलं होतं. आई शेजारी गेल्याची वेळ साधून मोरीतली धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि चारी भोकं लिंपून टाकली. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

अक्षय तृतीयेला सकाळी मागच्या व्हरांड्यात वाळू पसरली, तिच्यावर चार घागरी मांडल्या. आईनं पाणी भरलं, वाळा टाकला, वर एकेक आंबा ठेवला. मी धोतर नेसून, ती सांगेल तसं सगळं केलं. साबण टिकला! अप्पांच्या घागरीला नमस्कार करताना मनात म्हटलं, "अप्पा, आजचा दिवस सांभाळून घ्या."

जेवायला पुरणपोळी होती, चिंचवणी, कुरडया, आमरस. आईनं सगळ्यांना रस वाढला. स्वतःच्या ताटात घेतला नाही.

"घे ना आई," मी म्हटलं. तिला आमरस किती आवडतो, ते सगळ्या घराला माहीत.

"ह्यांनी पाणी घेतलं असं माह्या मनाले वाटू दे," ती म्हणाली. "मग खाईन."

मी माझी रसाची वाटी हळूच बाजूला सारली.

दुपारी जावई व्हीसीआर घेऊन आले. माझी बढाई त्यांनी बहिणीला सांगितली होती, बहिणीनं गल्लीला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुंडलिक चार स्पीकर आणि वायरचं भेंडोळं घेऊन उगवला.

"माठ कुठायत गा?"

"मागे," मी हळूच म्हटलं. "अप्पा बसले आहेत त्यात."

कानात सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एखादा तरी मोकळा करून दे ना!" असल्या दोस्तांना काय म्हणावं?

शेवटी त्यानं एक स्पीकर तांदळाच्या पिंपावर बसवला, दोन बादल्यांवर आणि एक पोह्यांच्या डब्यावर. पिक्चर सुरू झाला. मारामारीचा होता. हिरो बोलला की पिंप गुरगुरायचं, व्हिलन हसला की बादलीची कडी वाजायची.

जावई पोह्यांच्या डब्याशेजारीच बसले होते. शांतपणे म्हणाले, "दादा, आता तर खरोखरच डब्यातून येऊन राहिला."

त्यात कूलर! कूलर लावला की पिक्चर ऐकू येत नव्हता. अर्धी खोली ओरडायची, "आवाज वाढवा!" कूलर बंद केला की उरलेली अर्धी ओरडायची, "अरे मारता का आमाले? कूलर लावा!" लावा, बंद करा, लावा, बंद करा. मी बटणापाशी उभा. चारी कोपऱ्यांतून आवाज मात्र आला हो, शब्द खरा केला मी!

आणि तेवढ्यात मागून आईची हाक आली. मोठ्यानं. अप्पा गेल्यापासून एवढ्या मोठ्यानं ती बोललीच नव्हती.

"अवं सुनंदा! धाव वं! हे पाणी पिऊन राहिले!"

सगळी खोली उठून मागे धावली. मी शेवटून. अप्पांची घागर अर्ध्यावर आली होती. आजोबांची चार बोटं उतरली होती. आजीनंसुद्धा सुरुवात केली होती. आई घागरीपाशी बसून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुसुमकाकूंनी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. पुंडलिकनंही जोडले, त्याच्या हातचं भोक होतं तरी!

जावई मात्र उकिडवे बसले आणि खाली वाकले. "आई, ही खालची वाळू ओली दिसून राहिली."

संपलं, मी मनात म्हटलं. आता हा माणूस घागर उचलून बुड बघणार, आणि आई पुन्हा इथेच एकटी गप्प बसणार, ती कायमची.

"वाळू मीच ओली केली जावईबापू," आई म्हणाली. "घागरी थंड नको राहायले? तुमी पिक्चर पाहा."

पिक्चर कोण पाहतंय! आत हिरो एकटाच बादलीत मारामारी करत होता. मला राहवेना. "आई, खरं म्हणजे..." मी तोंड उघडलं.

"तू काही बोलू नको. पाणी आण. त्याइले अजून पाहिजे."

आणि मग मी पाणी आणत राहिलो. नळ सकाळीच गेलेला. टाकीतून काढायचं, स्पीकर काढलेल्या बादलीत भरायचं, व्हरांड्यात न्यायचं, घागरीत ओतायचं. अप्पा पीत होते, आजोबा पीत होते, पणजोबांनाही तहान लागली. गल्लीतल्या बायका येऊन बघून जात होत्या. दिवस मावळेपर्यंत माझ्या कंबरेचं काही राहिलं नव्हतं.

पण संध्याकाळी आईनं आमरसाची वाटी घेतली. मग आणखी एक घेतली. पुसून खाल्ली आणि काकूंना अप्पांची एक जुनी गंमत सांगत बसली. खोटं कशाला बोलू, मी कोपऱ्यात आडवा पडून ते ऐकत होतो आणि मला फार बरं वाटलं. म्हटलं, हे गुपित आता माझ्याबरोबरच जाईल. आईला कळता कामा नये.

पुढच्या वर्षी गल्लीतल्या बायका त्याच कुंभाराकडे गेल्या. त्यांच्या घागरी काही पाणी पिईनात! पितर रुसले म्हणून घराघरांत रडारड. शेवटी कुसुमकाकू आल्या, "तुह्या हाताले यश आहे बाबू, आमच्याही घागरी तूच आणून दे." नाही कसं म्हणायचं? तेव्हापासून दर अक्षय तृतीयेच्या आधी अख्ख्या गल्लीच्या घागरी मी आणतो. जोशींची सुद्धा.

मागच्या अंगणात बसायचं, मांडीवर घागर पालथी घ्यायची, खिळा लावायचा, हलक्या हातानं ठोकायचं आणि भोकावर मोरीतला साबण लिंपायचा. आई देवळात गेली की. स्पीकरचं नाव काढायला मला उसंत कुठे आहे, सांगा!

यंदाही तसाच बसलो होतो. पाठीमागे कोणी उभं आहे, हे मला कळलंच नाही.

"खिळा लहान घे," आईचा आवाज आला. "मागच्या वर्षी तुहे अप्पा घटाघटा प्याले. ते असे हावरे नोयते."

माझ्या हातातली हातोडी तिथेच राहिली. मी मान वर केली. आई देवळातून आली होती आणि प्रसादाचा नारळ या हातातून त्या हातात घेत होती.

"आई... तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"अन् साबण आपला आणत जा," ती आत जाता जाता म्हणाली. "तवा माही धुण्याची अख्खी वडी संपवली होती तू."