तीनपर्यंत मोजणारी

मला थांबता येत नाही. उकळी यायच्या आतच मी गॅस बंद करते आणि दूध नासलं की दूधवाल्याला बोल लावते. नेपानगरच्या बाजूला एका मुलींच्या आश्रमशाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं, तेही याच स्वभावानं. प्रश्न विचारायचा, मनात तीनपर्यंत मोजायचं, उत्तर नाही आलं की "बैठ. अगली!"

वर्गात एक बारेला आदिवासी मुलगी होती. उत्तर तिच्या वहीत लिहिलेलं असायचं, पण बोलायला तिला वेळ लागायचा. तेवढ्यात माझे तीन संपायचे. तिच्या प्रगतिपत्रकात 'नेतृत्वगुण' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. ती पुढे बी.ए. झाली आणि गावची सरपंचही.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मॅडम, हमारा स्कूल बंद करने का बोल रहे हैं. ग्रामसभा है, आप आओगे?" शाळा एका खोलीची. दुसरी शाळा नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात त्या नाल्याला वाट नसते. म्हणजे पोरं घरी बसणार, पोरी तर आधी. मी लोधीपुऱ्यातल्या माझ्या घरून निघाले ती बसमध्ये भाषण पाठ करतच.

ग्रामसभेला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी शाळा बंद करायचा ठराव टाइप करूनच आणला होता, फक्त सरपंचाची सही हवी होती. तिनं तो आधी हिंदीत वाचला, मग ओळ न ओळ बारेलीत सांगितला. 'गाँव पूरी तरह सहमत है' हीसुद्धा. मग कागद मांडीवर पालथा ठेवून गप्प बसली.

एक म्हातारा नाल्यात वाहून गेलेल्या बैलाचं सांगू लागला. मग शांतता. मग एक बाई बोलली. पुन्हा शांतता. साहेब घड्याळ बघत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. अगं, बोल ना! शेवटी मीच उठले. "साहब, ये बच्चियाँ..."

"मॅडम, आप बैठो. आपका नंबर अभी आना है."

माझे कान तापले. हिला मी शिकवलं आणि ही मलाच बसवते! शेजारची म्हातारी कानाशी लागली. निर्णय ज्याला करायचा त्यानं आमच्यात शेवटी बोलायचं, म्हणाली. तो आधी बोलला तर बाकीचे कशाला तोंड उघडतील?

माझा नंबर आला तेव्हा माझं सगळं भाषण आधीच्यांनी बोलून टाकलं होतं. "स्कूल रहने दो," एवढंच म्हणाले. सगळ्यांच्या शेवटी ती उठली. "साहब, यहाँ कोई सहमत नहीं है." कागद सहीविनाच परत गेला. तो पुन्हा येईल हे तिला ठाऊक होतं, मलाही.

ती मला बसपर्यंत सोडायला आली. त्या रकान्याचं तिला सांगावं, माफी मागावी, असं फार वाटत होतं. पायरीवर उभी राहिले तर शब्दच फुटेना. सवयीनं मनात मोजू लागले. एक, दोन, तीन. कंडक्टरनं घंटी मारली.

तिनं दाराची दांडी धरली. "भैया, रुको जरा. मॅडम को कुछ बोलना है."