उजव्या खांद्याची खंडेनवमी

२००६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. उगादी, म्हणजे पाडवा, होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा माझा उजवा खांदा गेला.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात माझं लोखंडकामाचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, बिजागऱ्या. भातकापणीच्या आधी कृष्णराजनगरकडचे शेतकरी पिशव्या भरभरून विळे आणायचे, त्यांना धार लावून द्यायची. त्या दिवशी भिंतीला टेकवून ठेवलेलं एक फाटक घसरलं. शहाणा माणूस बाजूला झाला असता. मी हात घातला. आतून जुनी चादर टरकावी तसा आवाज आला. पण फाटक पडलं नाही. हे मुद्दाम लिहितो. नंतर सगळ्यांनी खांद्याचीच गोष्ट सांगितली, फाटक पडलं नाही हे एकानंही सांगितलं नाही.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगावं लागेल, कारण खांद्याचं दुखणं त्याच्याशिवाय कळणार नाही.

मी तिसरीत शाळा सोडली. तो शिकला, बँकेत लागला, गोकुलमला घर बांधलं, वरचा मजला योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना भाड्यानं दिला. नोकरी मुदतीआधीच सोडून स्वतःही योग शिकू लागला. त्याचे दात शाबूत. केससुद्धा त्याचेच राहिले. लग्नाच्या पंगतीत लोक त्याला पहिल्या रांगेत बसवायचे आणि मला म्हणायचे, "अय्यो, तुम्ही घरचेच की!" माणूस म्हणून तो वाईट नव्हता. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती, ती म्हणजे खंडेनवमीचा कोहळा.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणतात. त्यातलं आता काय उरलंय? घरात बोलतो ती अर्धी कन्नड झालेली मराठी, आणि एक तलवार. खंडेनवमीला तिची पूजा होते, उंबऱ्यावर कुंकू लावलेला कोहळा ठेवतात, आणि घरातला मोठा पुरुष एका घावात त्याचे दोन भाग करतो. एका घावात. घाव अडकला तर तलवार तिथल्या तिथं पुढच्या भावाच्या किंवा मुलाच्या हातात जाते, ती परत येत नाही. वडिलांचा घाव अडकला त्या वर्षी त्यांनी तलवार माझ्या हातात दिली, आत गेले आणि ताटावर बसले. मी तेव्हा पंचविशीत होतो. तेव्हापासून कोहळा माझा होता. बँकवाला भाऊ दरवर्षी पायऱ्यांवर उभा राहून बघायचा, त्याची बायको बघायची, आणि त्या एका क्षणापुरता मी त्या घरातला मोठा माणूस असायचो.

खांद्याला आधी गरडीतल्या वस्तादाकडून तेल चोळून घेतलं. आमच्याकडे कुस्तीच्या तालमीला गरडी म्हणतात, तिथले वस्ताद हाडंही बसवतात. त्यानं हात असा ओढला की मला माझे आजोबा दिसले. रात्रभर कळ. शेवटी भाऊ आला आणि स्कूटरवर बसवून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरनं फोटो काढले. म्हणाला, हाड ठीक आहे, खांद्यातला दोर अर्धा फाटलाय. ऑपरेशन करून शिवता येतो. मग हात गळ्यात बांधायचा, आणि पुढचे बरेच महिने जड काम नाही. किंवा ऑपरेशन नको असेल तर रोज व्यायाम, तोही वर्षानुवर्षं, आणि डोक्यावरून झटका देऊन काही करायचं नाही. "विचार करून सांगा," म्हणाला.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "अण्णा, करून टाका. मी आहे ना. दुकानात बसेन, खंडेनवमीचंही बघेन."

"खंडेनवमीचं काय बघणार तू?"

"म्हणजे, कोहळ्याचं. एका वर्षाचा तर प्रश्न."

एका वर्षाचा! नियम त्यालाही ठाऊक होता. मी तिथंच मागं फिरलो, आत गेलो आणि डॉक्टरला सांगितलं, "ऑपरेशन नको. व्यायाम सांगा."

मोहल्ल्यात बोलणं झालं की म्हातारा सुरीला घाबरला. बोलू दे. घाबरलो म्हटलेलं चाललं. भावाचा हेवा वाटला म्हणून ऑपरेशन नाकारलं, हे कळलं असतं तर मान खाली गेली असती. आज एवढ्या वर्षांनीही तो खांदा कापलेला नाही, आणि माझा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. कारण वेगळं होतं, एवढंच.

व्यायाम शिकवणारी मुलगी कन्नड बोलणारी, माझ्या नातीएवढी. लोखंड वाकवणाऱ्या माणसाला तिनं पहिल्या दिवशी काय करायला लावलं? टेबलावर वाकून, दुखरा हात खाली सोडून लोलकासारखा हलवायचा. नंतर भिंतीवर बोटांनी चढायचं, खारीसारखं. मग दोरी दारावरून टाकून चांगल्या हातानं वाईट हात वर ओढायचा. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा खिळ्याला अडकवून, कोपर बरगडीला चिकटवून, बाहेर खेचायचं. मी जोर लावला की ती ओरडायची, "अज्जा, मेल्लगे! मेल्लगे!" हळू, हळू. जन्मभर मला कुणी हळू म्हटलं नव्हतं.

घरीही सगळं उलटं शिकावं लागलं. सदरा घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी दुखरा. झोपताना हाताखाली उशी, नाहीतर पहाटे खांद्यात विंचू. बायको म्हणायची, "अहो, लहान मूल झालात. भांग पाडून देऊ का?"

"भांग पाडायला केस कुठायत?"

"भाऊजींचे आहेत की," ती हसून म्हणाली. ती सुम्मने म्हणाली, उगाच, काही मनात न ठेवता. मी त्या दिवशी जेवलो नाही.

भाऊ मला स्कूटरवरून दवाखान्यात नेत असे. तिथं बाकावर बसायचा आणि बघायचा. एकदा त्या मुलीनं मला पाठीमागे हात नेऊन पट्ट्याला टेकवायला सांगितलं. माझा हात कमरेच्या बाजूलाच अडकला. तेव्हा भाऊ बाकावरून म्हणाला, "असं ना?" आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले, वर सरकवले आणि खांद्यांच्या मधोमध तळवे जोडले. पाठीवर नमस्कार! देव जरी मागं उभा असता तरी एवढा नमस्कार त्याला मिळाला नसता.

मुलीचे डोळे मोठे झाले. मला म्हणाली, "अज्जा, निम्म तम्मन भुज नोडी, एष्टु चन्नागिदे!" तुमच्या धाकट्या भावाचा खांदा बघा, किती छान आहे.

मी बघितला. घाम न आलेला, न भाजलेला, ठिणगीचा एक डाग नसलेला खांदा. एवढा जपलेला खांदा त्यानं कशाला वापरला होता? चेकवर सही करायला. आणि कौतुक त्याचं. माझ्या खांद्यानं निम्म्या म्हैसूरची फाटकं उचलली, आणि तो शाळेतल्या नापास पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा.

घरी येताना मी म्हटलं, "उद्यापासून मी बसनं जाईन."

"का हो अण्णा? मला काही त्रास नाही."

"मला आहे," मी म्हटलं. त्याला वाटलं स्कूटरच्या धक्क्यांचा.

मग मी व्यायाम असा धरला की बायकोनं ट्यूब लपवून ठेवली. भिंतीवर माझी बोटं वर वर गेली. दुखणं दिवसा कमी झालं, रात्रीही झोप लागू लागली. पावसाळा संपेपर्यंत हात कानापर्यंत येऊ लागला. मुलगी खूश. मी विचारलं, "तलवार उचलू?" ती हसायला लागली. तिला वाटलं अज्जा चेष्टा करतोय. म्हणाली, ताट उचला, बादली अर्धी भरून उचला, युद्धाला जाऊ नका.

कानाच्या वर हात जात नव्हता. आणि वरून आल्याशिवाय घावाला वजन येत नाही, हे लोखंडवाल्याला कुणी सांगायला नको. म्हणून मी एक केलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी स्वतः बाजारात गेलो. ढिगातले कोहळे नखानं दाबून, बोटानं वाजवून बघितले, आणि एक कोवळा, पातळ सालीचा निवडला. दिसायला बरा मोठा, आतून नुसतं पाणी. हा कोपरापासून मारलेल्या घावानंही दुभंगला असता. नियमात कोहळा कसला असावा हे कुठं सांगितलंय?

नवमीला सकाळी भाऊ रिक्षातून उतरला तो कोहळा घेऊनच. सासुरवाडीच्या परसातला, कृष्णराजनगरचा. राखेसारखा पांढरा, जून, दोन हातांनी धरावा एवढा.

"अण्णा, तुमच्यासाठी खास! सहा महिने त्रास काढलात, यंदा कोहळाही तुम्हाला शोभेल असा."

बायकोनं लगेच तोच उंबऱ्यावर ठेवला. भावानं आणलेला कोहळा बाजूला कसा सारायचा? माझा कोवळा कोहळा तांदळाच्या डब्याशेजारी पडून राहिला.

कुंकू लागलं. आरती झाली. मी पाय रोवले, तलवार उचलली. हात कानापाशी आला आणि थांबला. मी कंबरेतून सगळं अंग खाली टाकलं. खांद्यात पांढरी वीज गेली. तलवार कोहळ्यात अर्ध्यापर्यंत उतरली आणि अडकली.

मग भाऊ पुढं वाकला आणि त्या फटीत बोटं घालू लागला. "झाला की! हे बघा, फाटलाय. जरासं राहिलंय नुसतं..." तो ओढून ओढून कोहळ्याचे दोन भाग करू बघत होता. माझ्यासाठी.

"सोड तो," मी म्हटलं.

"अण्णा, काय झालं त्यात..."

"सोड म्हणतो ना. तलवार घे."

"मी नाही घेत."

"मग वडिलांनी मला उगाच दिली?"

अडकलेली तलवार मला उजव्या हातानं बाहेर काढता आली नाही. त्यालाच काढावी लागली. आता दुसरा कोहळा पाहिजे होता. बायको आत गेली आणि माझा घेऊन आली.

भावानं तलवार धरली तीच चुकीची, टाळकं फोडायला काठी धरावी तशी. उचलली, हात वर, कानाच्या वर, डोक्याच्या वर, काही अडलं नाही, कळ नाही, काही नाही. खाली आली आणि कोहळ्याचे दोन भाग दोन बाजूंना घरंगळले. पाणी उंबऱ्यावरून रस्त्यावर गेलं.

"वा भाऊजी!" माझी बायको म्हणाली.

सगळे टाळ्या वाजवू लागले. शेजारचे डोकावले. भावाचं तोंड लाल झालं होतं, त्यालाही खरं वाटत नव्हतं. आणि मी उभा. सांगू काय? की तो कोहळा मी निवडला होता? की तो कुणीही फोडला असता, आरतीच्या ताटानंही? सांगितलं असतं तर मी तो कुणासाठी आणि का निवडला होता, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिलो. वडिलांसारखा आत जाऊन ताटावर बसलो. घास उजव्या हातानं उचलला जाईना, डाव्या हातानं जेवणं मला जमेना. बायको शेजारी येऊन बसली. मी तिला जा म्हटलं.

तलवार त्या दिवशी आमच्याकडेच राहिली. दसऱ्याची गर्दी, चौकाचौकात पोलीस, अशात तलवार घेऊन कोण जाणार? "परवा-तेरवा येऊन नेतो, अण्णा, नाहीतर राहू दे इथंच," भाऊ जाताना म्हणाला. राहू दे इथंच! म्हणजे त्याची वस्तू मी सांभाळायची, आणि तो येऊन नेताना सगळ्या गल्लीनं दारात उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विजयादशमीला, बायको उठायच्या आत मी तलवारीला लागलेलं कोहळ्याचं पाणी पुसलं, तेलाचा हात दिला आणि ती सतरंजीत गुंडाळली. डाव्या खांद्यावर घेतली, कोपऱ्यावरची पहिली रिक्षा पकडली आणि गोकुलमला गेलो. भावजयीनं दार उघडलं. भाऊ आत डोक्यावर उभा होता, पाय वर. मला उलटा बघून तो धडपडला.

"अण्णा? एवढ्या सकाळी? मी आलो असतो की न्यायला."

"म्हणूनच आलो. न्यायला येतात ते वेगळं. ही मी देतोय."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी तलवार दिली नाही. आधी त्याला सरळ उभं केलं, सतरंजी सोडली, मग त्याची बोटं एकेक करून मुठीवर नीट बसवली, अंगठा कुठं, करंगळी कुठं. काल तलवार कशी धरली होतीस ते सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तशी धरलीस तर मनगट जाईल हेही सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला.

"आणि कोहळा," मी म्हटलं, "सासुरवाडीहून मागव. जून बघून. बाजारातला नको."

"हो अण्णा."

मग मी भावजयीकडे कॉफी मागितली, आणि ती येईपर्यंत त्याला पुन्हा पहिल्यापासून तलवार धरायला लावली.