पेत्रोविचची माशिन्का

आता तुमाले काय सांगू राजेहो! कोणाच्या हातातला घास दुसरा हिसकावून नेते. माझा घास म्याच उचलला अन् रिक्षा पाठवून दुसऱ्याच्या घरी पोचवला! हसा, हसा. पण मले अजूनही आठवलं की जीव तुटते.

भिलाई तवा मध्य प्रदेशात होती. मी प्लँटाच्या ड्रॉइंग ऑफिसात. दिवसभर भट्ट्यायचे नकाशे काढायचे अन् संध्याकाळी क्वार्टरवर येऊन मोटारी बांधायच्या. खऱ्या नाही हो! तळहातावर मावतील अशा. जुन्या जमान्यातल्या, उघड्या टपाच्या, मोठ्ठाल्या दिव्याच्या. सुपेला बाजारातल्या रद्दीवाल्यापाशी इंग्रजी मासिकं भेटत, त्यातल्या फोटोवरून मापं काढायची. खऱ्या गाडीचा बरोबर त्रेचाळीसावा हिस्सा, सुतभर इकडचं तिकडं नाही. पत्रा तुपाच्या डब्याचा, चाकं इंजेक्शनच्या बाटलीच्या रबरी बुचाची.

माझी बायको मंदा म्हणे, "लोकाच्या घरी लेकरं खेळणे मांडून बसतात, आमच्या घरी लेकरायचा बाप!"

आमच्या ऑफिसात पेत्रोविच नावाचा रशियन इंजिनियर होता. लाल तोंडाचा, देवमाणूस. नकाशे दाखवाले मी त्याच्या घरी जाऊ लागलो, अन् तिथं त्याच्या कपाटात म्या तिले पाह्यलं. हिरवी गाडी. काळे मडगार्ड, बाजूले स्टेपनी, इंजिनाचं झाकण नखानं उघडे अन् आत इंजिन! कारखान्यात बनलेली, अस्सल. माझ्या साऱ्या गाड्या तिच्यापुढं डबेच की हो!

मागायची? छे! बाप्या माणूस खेळणं मागते काय? मी आपला नकाशा दाखवता दाखवता तिरप्या डोळ्यानं पाहे. पेत्रोविच चहा देई, मी कपाटाकडं तोंड करून पिई. घरी आलो की जेवणात लक्ष नाही. पोरगी पसंत पडलेल्या पोरासारखं झालतं माझं, अन् वय काय तर दोन लेकरायचा बाप!

मंग पेत्रोविचचा परत जायचा दिवस आला. त्या काळी रशियन लोक निघाले की त्यायचं सामान साऱ्या सेक्टरात फिरे. कोणाले फ्रीज भेटे, कोणाले कॅमेरा, कोणाले शिलाई मशीन. हे ध्यानात ठेवा, इथंच माती खाल्ली म्या.

ऑफिसात पेत्रोविचनं मले बाजूले घेतलं, खांद्यावर हात ठेवला अन् त्याच्या हिंदीत म्हणे, "मैं जाना मॉस्को. तुम दोस्त. तुमको देना माशिन्का."

मी म्हटलं, अरे बाप रे! मशीन! याच्या बायकोची शिलाई मशीन देऊन राहिला हा मले! आता मंदाले तिच्या माहेरची मशीन होती, पाय मारायची, चांगली चालू. दोन दोन मशिनी काय करता? अन् मले लागली दानशूरपणाची उबळ.

"नहीं साहब, मशीन है हमारे घर में."

पेत्रोविच बावचळला. "है? ऐसा माशिन्का?"

"इससे बड़ी है! पाँव से चलती है."

"पाँव से?"

"हाँ. और जगह कहाँ है साहब?"

"छोटा! बहुत छोटा!" त्यानं दोन बोटानं दाखवलं सुद्धा. मले वाटलं, रशियन माणूस आहे, हिंदी कमी पडते म्हणून बोटं नाचवून राहिला.

"छोटी हो तो भी खटखट करती है, मेरी नींद खराब. ऊपर से तेल पिलाओ."

"तेल?" बिचाऱ्याचे डोळे भरून आले हो! मी समजलो, माझी निरिच्छ वृत्ती पाहून गहिवरला.

मी म्हटलं, "मेरा दोस्त है रामटेके, कोक ओवन में. उसकी बीवी को दे दो. बहुत दुआ देगी."

त्यानं माझ्याकडं लय वेळ पाह्यलं अन् मान हलवली.

रामटेके माझा भंडाऱ्यापासूनचा दोस्त, राहे रुआबांधा सेक्टरात. त्याची बायको कमलवहिनी हातानं शिवे, मशीन कधीची हवी होती तिले. म्या बातमी सांगतली तं तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी जागा रिकामी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायायचं ब्लाऊजचं कापड हजर! रविवारी म्याच रिक्षा ठरवून दिली. म्याच! वरून रामटेकेले बजावलं, "दोरी घेऊन जा, पाय हलते मशीनचा."

मी त्याच्याच घरी वाट पाहत बसलो. गल्लीतल्या साऱ्या बाया दारात. रिक्षा आली. रामटेके बसलेला, मांडीवर दोरी, अन् दोरीवर बुटाच्या डब्याहून लहान एक खोकं.

"मशीन कुठं आहे?" वहिनी.

"हेच मशीन आहे म्हणते तो! माशिन्का, माशिन्का करून गळ्यात पडून रडला माझ्या."

वहिनीनं खोकं उघडलं. कापसात ठेवलेली हिरवी गाडी. काळे मडगार्ड. बाजूले स्टेपनी.

वहिनी रडून राहिली, रामटेके ओरडून राहिला, "मजाक करतं काय बे गरिबाची?" अन् मी त्या दोघायच्या मधून गाडीकडंच पाहून राहिलो. तवा म्हणू कसा, की मले दे? म्हटलं असतं तं रामटेकेनं त्याच दोरीनं बांधला असता मले.

ऑफिसच्या दुभाष्याले विचारलं. तो म्हणे, "रशियनमधी मोटारीलेच माशीना म्हणतात. लहानशी असली तं माशिन्का." म्हणजे पेत्रोविचले माहीत होतं हो! एवढे दिवस तो माझी नजर पाहून राहिला होता. अन् म्या त्याले काय सांगतलं? माझ्यापाशी याहून मोठी आहे, पायानं चालते अन् तेल पिते! तोवर त्याचं विमान उडून गेलतं. माझ्या मनातलं ओळखणारा एकच माणूस भेटला, अन् त्याले साधं थँक्यू बी म्हणता आलं नाही.

रामटेकेचा राग उतरला. गाडी त्याच्या शोकेसात गेली, बाहुलीच्या बाजूले. मी काही ना काही निमित्त काढून रुआबांध्याले जाऊ लागलो. आज मागतो, उद्या मागतो. घरी येऊन तुपाच्या डब्यातून तशीच बांधाले बसे, पण ते झाकण काही तसं उघडे ना. मले खरंच करमेनासं झालं.

एक दिवस मंदानंच विचारलं, "काय होऊन राहिलं तुमाले? कावून असे बसता?"

सांगून टाकलं सारं. वाटलं, आता लाटणं येते. पण ती म्हणे, "माझी मशीन घेऊन जा. वहिनीले मशीन द्या अन् तुमची ते गाडी घेऊन या. तुमचं हे तोंड पाहवत नाही मले."

माहेरची मशीन होती हो तिची! माझ्या डोळ्यात पाणीच आलं. तिनं स्वतः पुसून, तेल टाकून रिक्षात चढवली. साऱ्या रस्त्यानं मी मशीनले धरून बसलो, अन् मनात गाडीसाठी कपाटात जागा करून राहिलो.

रिक्षा बाहेर उभी ठेवली अन् आत गेलो. तं खटखट, खटखट आवाज! खिडकीपाशी वहिनी. पुढं नवीकोरी मशीन.

"या भाऊजी! बरे आले. तुमचेच उपकार हो सारे!"

मी शोकेसाकडं पाह्यलं. बाहुली एकटीच उभी होती.

"गाडी...?"

"तेच तं सांगून राहिली! यायच्या खात्यातले नवे साहेब आलते जेवाले. ते खेळणं पाहून असे पागल झाले, असे पागल झाले, म्हणे काय पाहिजे ते मागा. म्या गमतीनं म्हटलं, मशीन द्या. तं खरंच दुसऱ्या दिवशी रिक्षात टाकून घेऊन आले!" वहिनीले हसू आवरे ना. "एवढ्याशा खेळण्यासाठी अख्खी मशीन! असा येडा माणूस पाह्यला काय तुमी कुठं?"

"नाही वहिनी," मी म्हटलं, "असा येडा तं..."

तेवढ्यात बाहेरून रिक्षावाला ओरडला, "बाबूजी! मशीन कहाँ उतारूँ?"