छत्री उघडी ठेवा, मॅडम

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला. एकदा यांच्या ऑफिसातले साहेब दारात उभे असताना त्यांना पेपरवाला समजून "उद्यापासून नको" म्हणून दार लावून घेतलं. आमच्याकडे त्यावर अजून हसतात. पण फुटबॉलच्या मैदानावर मी एकदा एक छत्री मिटली, त्यावर कुणी हसलं नाही. कारण ते मी घरी कुणाला सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात भिकाचा फोन आला. भिका नामपूरचा, आमच्या कॉलेजच्या संघाचा एकेकाळचा कप्तान, आता स्वतःच आजोबा. एरवी माझ्याशी जपून शुद्ध बोलतो. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "मॅडम, सर गयात." विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. जुनी पोरं उठून बोलली. मला "मॅडम, दोन शब्द" म्हणाले, तर मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठणठणीत होता.

सर म्हणजे गांगुर्डे सर. सत्तरचं दशक सरत होतं तेव्हा नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते तात्पुरत्या नेमणुकीवर फुटबॉल शिकवायचे. मी गणिताची नवी लेक्चरर. जिमखाना समितीत एक बाई असावी म्हणून मला घेतलेली. फुटबॉलमधलं मला कळायचं ते चेंडू गोल असतो एवढंच; पण कडक खळ दिलेली साडी नेसून बैठकीला बसले की मत मात्र सगळ्यांआधी द्यायची. सरांची रीतच वेगळी होती. दर गुरुवारी सरावात कुणी आपल्या जागेवर खेळायचं नाही. गोलकीपर पुढे, भिका गोलात. "मैदानात जागा कुणाच्या नावावर नसते," ते म्हणायचे, "मोकळी दिसली की शिरायचं." पोरं धडपडायची, एकमेकांवर आपटायची, आणि मधेच असं काही करून जायची की मी तपासायच्या वह्या मांडीवर तशाच ठेवून बघत राहायची. तरी बैठकीत "पण बचावाचं काय?" हा प्रश्न पहिला माझाच. सर हसून म्हणायचे, "मॅडम, तुम्ही गणितात हातचा धरता तसा खेळात धरता येत नाही."

त्या काळी सामना चालू असताना कडेवरून सूचना देणं नियमात बसत नसे. तोंड उघडलं की रेफरी हाकलायचा. म्हणून सरांनी छत्री काढली. छत्री उघडी म्हणजे सगळे पुढे, बिनधास्त. मिटली म्हणजे मागे या, सांभाळा. दोन हंगामांत ती मिटलेली मी क्वचितच पाहिली.

फायनलच्या आधी प्राचार्यांनी सरांना शब्द दिला होता: जिंका, तुम्हाला कायम करतो. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दोन बहिणी शिकत होत्या. सर बोलून दाखवायचे नाहीत, पण त्या सकाळी शर्टाला इस्त्री होती.

पंधरा मिनिटं उरली असताना आम्ही एका गोलने पुढे होतो. तेवढ्यात आमच्या एका पोराचा खांदा निखळला. त्याला रिक्षात घालून जवळच्याच डॉक्टरकडे न्यायला दुसरं कोणी उठेना. सर उठले, आणि छत्री माझ्या हातात दिली. "उघडी ठेवा, मॅडम. पोरं मागे आली की संपलं."

मी ती धरून उभी राहिले. काय तो माझा थाट, जणू विश्वचषक माझ्याच हातात. समोरच्या संघाचा एक फटका खांबाला लागला. म्हटलं, एक गोल आहे ना हातात, जपावा. सरांची नोकरी आहे ही. मी छत्री मिटली.

भिकाने लांबून पाहिलं. दोन्ही हात पसरून विचारलं, हे काय? मी छत्री आणखी घट्ट धरली. पोरं मागे आली, गोलपुढे दाटीवाटीने उभी राहिली, जशी फळ्यावरच्या अवघड गणितापुढे उभी राहायची तशीच. दोन गोल बसले. दुसरा बसताना सर परत येत होते. त्यांनी काही न विचारता छत्री माझ्या हातून घेतली, उघडली आणि शिट्टी होईपर्यंत उघडी धरली.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत आमच्या जिमखाना समितीची बैठक झाली. सरांना खुलासा द्यायला बोलावलेलं. "आघाडी असताना असले छत्रीचे खेळ कशाला?" प्राचार्य म्हणाले. खजिनदार म्हणाले, "अशा लोकांना संधी द्यावी, आणि..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खोलीत सगळ्यांना ते पुरं ऐकू आलं. सर म्हणाले, "छत्री माझी होती." एवढंच. महिनाअखेर त्यांची नेमणूक संपली. पुढच्या वर्षी आलेल्या गृहस्थांनी चार पोरं गोलपुढे खिळवून ठेवली. आम्ही मोठ्या फरकाने कधी हरलो नाही, आणि बघायलाही कुणी आलं नाही. मी त्या समितीत आणखी सहा वर्षं होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका लग्नाला जाताना सटाण्याच्या स्टँडवर उतरले. माईकवर गाड्या सांगणारा आवाज ओळखीचा वाटला. खिडकीत डोकावले तर सर. मैदानाच्या कडेला ज्यांना तोंड उघडायची बंदी होती, ते आता दिवसभर माईकवर बोलत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही. उभ्यानेच घडाघडा सगळं सांगून टाकलं, की छत्री मी मिटली, मी घाबरले, मला वाटलं तुमचं भलं होईल. त्यांनी आधी नामपूरची गाडी पुकारली. मग माईक बंद केला.

"मॅडम, तुम्ही मिटलीत ते पोरांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याचं काही नाही, घाबरलेला माणूस मागे येतोच. पण सोमवारी त्या खोलीत मी सारखा तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही बिस्कीट चहात बुडवत होतात."