पकड सुटेपर्यंत

काल सकाळी बाबा मोरीतल्या स्टुलावरून उठत होते. नळ धरलेली बोटं पांढरी पडली होती, मांड्या थरथरत होत्या. मी दारातच उभा होतो.

म्हातारपणी स्नायू का झिजतात, पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया का थकतात, हे शोधण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यासाठी प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांना तारेला लटकवायचं आणि पकड सुटेपर्यंत सेकंद मोजायचे. मध्ये हात घालायचा नाही, हा आमचा नियम.

"अरे, बघतोस काय नुसता? हात दे!" बाबा ओरडले.

तेव्हा लक्षात आलं, मी मनात सेकंद मोजत होतो. धावलो, तोवर पकड सुटली होती. बाबा ओल्या फरशीवर आपटले.

उंदरांखाली आम्ही निदान कापूस अंथरतो.